ली-एनफील्ड रायफलींचा जीर्णोद्धार

ली-एनफील्ड रायफलींचा जीर्णोद्धार म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांनी वापरलेल्या आणि पुढे खासगी हातांत जाऊन मोडतोड वा हेळसांड झालेल्या रायफली त्यांच्या मूळ लष्करी रूपात परत आणण्याचे काम होय. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिका या देशांत कायद्याने मुभा असलेले संग्राहक हे काम बहुधा घरच्या लहानशा कार्यशाळेत करतात. भारतात ही रायफल ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने ओळखली जाते; .३०३ इंच या तिच्या काडतुसाच्या मापावरून हे नाव पडले. या कामात नवे काय घालावे यापेक्षा जुने काय पुसू नये, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

स्कॉटलंडमध्ये जन्मलेले अभियंते जेम्स पॅरिस ली यांनी रचलेली बोल्ट व मॅगझीन यांची यंत्रणा आणि लंडनजवळच्या एनफील्ड येथील सरकारी कारखान्याने ठरवलेले नळीतील आटे, या दोहोंच्या संयोगातून १८९५ मध्ये ली-एनफील्ड हे नाव आले. पायदळ व घोडदळ या दोघांनाही चालेल अशी आखूड आवृत्ती विसाव्या शतकाच्या आरंभी निघाली. तिचा १९०७ मधील ‘मार्क ३’ हा प्रकार पहिल्या महायुद्धात सर्वत्र पोहोचला. तिची लांबी सुमारे ११३ सेंटिमीटर, वजन सुमारे ४ किलोग्रॅम आणि मॅगझीनची क्षमता १० काडतुसांची होती. एनफील्डशिवाय बर्मिंगहॅम, ऑस्ट्रेलियातील लिथगो आणि बंगालमधील इच्छापूर येथेही ती तयार होत असे. दुसऱ्या महायुद्धात ‘नंबर ४’ हा सुधारित प्रकार आला. त्याच्या उत्पादनात कॅनडातील लाँग ब्रँच आणि अमेरिकेतील सॅव्हेज हे कारखानेही सामील झाले.

युद्ध संपल्यावर या रायफली लाखोंच्या संख्येने अतिरिक्त ठरल्या आणि अत्यल्प किमतीत बाजारात आल्या. विशेषतः उत्तर अमेरिकेत त्या शिकारीसाठी विकत घेतल्या गेल्या. जंगलात वजन कमी असावे म्हणून पुढचे लाकूड अर्ध्यावर कापले जाई, नळीवरील लाकडी आच्छादने फेकून दिली जात आणि संगीन बसवण्याचे तोंडाशी असलेले लोखंडी टोपण काढून टाकले जाई. तेव्हा त्यात कोणालाच वावगे वाटले नाही. ज्या वस्तूचे ढीग पडलेले असतात तिची पुरातन वस्तू म्हणून कदर होत नाही. पुढे अखंड रायफली दुर्मीळ झाल्या, तेव्हा या कापलेल्या रायफलींकडे संग्राहकांचे लक्ष वळले. केवळ लाकूड कापलेले असेल तर रायफल पूर्ववत होऊ शकते. नळीच कापलेली असेल, किंवा दुर्बीण बसवण्यासाठी बॉडीला भोके पाडलेली असतील, तर काम फार अवघड होते आणि बहुधा करण्याजोगे राहत नाही.

जीर्णोद्धार आणि जतन

संग्रहालयांत जतन या शब्दाचा अर्थ काटेकोर असतो. वस्तूचा ऱ्हास थांबवायचा, हस्तक्षेप कमीत कमी ठेवायचा आणि जे करू ते पुढे उलटवता आले पाहिजे. जीर्णोद्धारात मात्र वस्तूला पूर्वीचे एखादे रूप द्यायचे असते. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार करताना जुन्या दगडी भिंतींना तैलरंग फासल्याची उदाहरणे कमी नाहीत. रायफलीच्या बाबतीत तोच प्रकार पॉलिश पेपरने होतो.

लंडनच्या इम्पीरियल वॉर म्यूझियममध्ये टी. ई. लॉरेन्स यांची एक ली-एनफील्ड आहे. गॅलिपोलीच्या लढाईत ती तुर्कांच्या हाती लागली. एन्व्हर पाशांनी तिच्यावर लेख कोरवून ती अमीर फैजल यांना भेट दिली, फैजल यांनी ती लॉरेन्स यांना दिली आणि युद्धानंतर लॉरेन्स यांनी ती राजे पंचम जॉर्ज यांना अर्पण केली. तिच्यावर लॉरेन्स यांनी कोरलेली आपली आद्याक्षरे, १९१६ सालची तारीख आणि काही खाचा आहेत. एखाद्या हौशी कारागिराने ती ‘नव्यासारखी’ केली असती, तर या खाचा ओरखडे म्हणून घासल्या गेल्या असत्या. सामान्य रायफलीवरचे ओरखडे एवढे बोलके नसतात. पण ते कोणाचे व कधीचे हे आज कळत नाही, एवढ्यावरून ते निरर्थक ठरत नाहीत.

म्हणून जाणकार संग्राहक रायफलींचे दोन गट करतात. जी रायफल अखंड आहे, पण मळलेली वा डागाळलेली आहे, तिची केवळ स्वच्छता करावी. जी आधीच कापली गेली आहे, तिचाच जीर्णोद्धार करावा.

खुणा आणि क्रमांक

काम सुरू करण्यापूर्वी रायफल रिकामी असल्याची खात्री करून, मॅगझीन व बोल्ट काढून ठेवून, तिच्यावरील प्रत्येक खुणेची नोंद व छायाचित्र घेण्याचा प्रघात आहे. दस्त्याच्या मुळाशी असलेल्या धातूच्या कड्यावर राजमुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष आणि प्रकार कोरलेला असतो. रुंद फाळाचा बाण ही सरकारी मालकीची खूण होय. असे दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर ठसवलेले असतील, तर ती रायफल सरकारी सेवेतून अधिकृतपणे विकली गेली, असे समजतात. इच्छापूरच्या स्वातंत्र्योत्तर रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाची सिंहमुद्रा आली. सत्तांतराचा इतका ठोस पुरावा क्वचितच हातात धरायला मिळतो.

बॉडी, बोल्ट, नळी, तोंडाचे टोपण आणि पुढचे लाकूड यांवर एकच अनुक्रमांक असेल, तर रायफलीचे मोल वाढते. या वाढीव किमतीच्या मोहाने काही विक्रेते जुना क्रमांक घासून नवा ठोकतात. ही सरळ फसवणूक आहे, आणि अनेक देशांत शस्त्राचा क्रमांक बदलणे हा स्वतंत्र गुन्हाही आहे. प्रामाणिक जीर्णोद्धारात बदललेला भाग बदललेलाच दिसू दिला जातो.

‘डीपी’ ही अक्षरे आढळल्यास ती रायफल केवळ कवायतीसाठी राखून ठेवलेली होती, असे समजावे. तिचे भाग झिजलेले वा मुद्दाम निकामी केलेले असतात. ती दर्शनी वस्तू म्हणून सुंदर दिसू शकते, पण तिच्यातून गोळी झाडणे धोक्याचे आहे.

भाग सुटे करणे

या रायफलीतील अनेक स्क्रूंचे आटे कारखान्यांच्या स्वतःच्या मापाचे होते, त्यामुळे बाजारातला स्क्रू त्यांच्या जागी चालत नाही. स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसेल असे पेचकसाचे पाते घासून तयार करावे लागते. एरवी खाच फाटते, आणि फाटलेली खाच घाईच्या हातांची साक्ष कायमची देत राहते.

मार्क ३ प्रकारात सुटे करण्याचा क्रम चुकला तर नुकसान ठरलेले. दस्ता बॉडीला एका लांब बोल्टने जोडलेला असतो आणि त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकातील एका लहान पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड जागेवर असताना दस्त्याचा बोल्ट फिरवला, तर ते चौकोनी टोक लाकडाला आतून फाडते. म्हणून आधी पुढचे लाकूड आणि मगच दस्ता, हा नियम पाळतात. नंबर ४ मध्ये ही रचना काढून टाकली गेली. दस्ता ढिला वाटला म्हणून आधी तोच घट्ट करायला गेलेल्या नवशिक्यांनी शंभर वर्षे टिकलेली लाकडे एका पिळ्यात चिरली आहेत.

लाकूडकाम

लाकूड प्रामुख्याने अक्रोडाचे असे. युद्धकाळात बीच व बर्च यांचाही वापर झाला. लिथगोच्या कारखान्याने कोचवुड हे हलके स्थानिक लाकूड वापरले. गोळीच्या धक्क्याने ते दबू नये म्हणून आत तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. इच्छापूरच्या अनेक रायफलींच्या पुढच्या लाकडात बळकटीसाठी आडवा स्क्रू आढळतो. संग्राहकांच्या बोलीत त्याला ‘इच्छापूर स्क्रू’ असेच म्हणतात.

वर्षानुवर्षांचे ग्रीस व मळ टर्पेंटाइनने पुसून काढतात. दबलेल्या जागेवर ओले फडके ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली की वाफेने लाकडाचे तंतू फुगतात आणि खळगा बराचसा भरून येतो. पॉलिश पेपरचा वापर टाळतात, कारण लाकडावरील तपासनिसांचे ठसे उथळ असतात आणि दोन-चार हातांतच नाहीसे होतात. शिवाय लाकूड झिजले की त्याची पातळी शेजारच्या धातूपेक्षा खाली जाते, आणि जाणत्याच्या डोळ्याला ते लगेच खुपते.

लाकडाला कच्चे जवसाचे तेल देतात. ब्रिटिश सैन्यातही तेच वापरत. ते हाताच्या तळव्याने चोळून, पातळ थरांत, दोन थरांमध्ये पुरेसे दिवस जाऊ देऊन लावायचे असते. चकचकीत व्हार्निश या रायफलींवर शोभत नाही. येथे एक इशारा आवश्यक आहे. जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन सुकते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाने माखलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली, तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर सपाट पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

कापलेल्या लाकडाच्या जागी नवे वा जुन्या साठ्यातील लाकूड बसवणे हा कामाचा सर्वांत जिकिरीचा भाग. गोळी झाडल्यावर बॉडी मागे येते आणि तो धक्का लाकडाच्या मागच्या बाजूच्या दोन लहान पृष्ठभागांवर पडतो. ते दोन्ही पृष्ठभाग धातूला सारखे टेकले नाहीत, तर लाकूड एका बाजूने चिरते. कारागीर धातूला दिव्याची काजळी लावून भाग जुळवून पाहतो. काजळी जिथे उमटली तेवढेच लाकूड पटाशीने खरवडतो आणि पुन्हा जुळवतो. ही क्रिया पन्नास-साठ वेळा करावी लागणे नवलाचे नाही. मार्क ३ मध्ये नळीला खालून वर रेटणारी एक खुंटी व स्प्रिंग असते. लाकूड कापणाऱ्यांनी हे इवलेसे भाग हमखास हरवलेले असतात, आणि त्यांच्याशिवाय नेम स्थिर राहत नाही.

धातूकाम

लाल गंज धातू खात राहतो. काळपट थर मात्र धातूचे रक्षण करतो. म्हणून लाल गंज तेवढा तेल व अतिबारीक स्टील वूलने काढतात आणि जुना गडद रंग तसाच ठेवतात. गंजलेला सुटा भाग पाण्यात उकळला की लाल गंजाचे काळ्या चुंबकीय ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. मग वरची काजळीसारखी भुकटी पुसून तेल लावायचे. मुद्दाम हलका गंज चढवायचा, भाग उकळायचा, भुकटी पुसायची आणि हे पुनःपुन्हा करायचे, ही नळ्यांना काळा रंग देण्याची त्या काळच्या बंदूक-कारखान्यांतील रूढ पद्धत होती. दाहक सोड्याच्या सुमारे १४० अंश सेल्सिअस तापलेल्या द्रावणात भाग बुडवण्याची आधुनिक रीत झटपट आहे, पण घरगुती कार्यशाळेसाठी ती घातक आहे. नंतरच्या काळातील अनेक रायफलींवर फॉस्फेटचा थर व त्यावर काळा रंग असे. तो कुरूप दिसला तरी मूळचाच असतो, आणि तो खरवडून खाली चकाकी शोधणे हा अडाणीपणा होय.

नळी, बोल्ट आणि हेडस्पेस

जुन्या काडतुसांच्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेट जळून मागे क्षार उरतो. तो हवेतील ओलावा शोषतो आणि नळीला आतून पोखरतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणूनच सैनिक नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतत असत. पडलेले खड्डे मात्र कशानेही भरून येत नाहीत.

बोल्ट हा त्या-त्या रायफलीच्या बॉडीला हाताने जुळवलेला भाग आहे. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आत सरकतो, बंदही होतो, आणि त्यामुळेच फसगत होते. काडतुसाच्या कडेसाठी बोल्टचा चेहरा व नळीचे मागचे टोक यांमध्ये जे अंतर राहते, त्याला हेडस्पेस म्हणतात. लष्करी मापनात त्याच्या मर्यादा .०६४ आणि .०७४ इंच अशा होत्या. अंतर जास्त असेल तर काडतुसाचे पितळ ताणून फाटते आणि तप्त वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतात. नंबर ४ साठी ० ते ३ अशा क्रमांकांची, चढत्या लांबीची बोल्टची डोकी बनवली होती. मार्क ३ मध्ये ती निवडून व कानशीने घासून बसवत. हे मापन योग्य गेज असलेल्या शस्त्रकारागिराकडूनच करून घ्यावे, यावर सर्व जाणकारांचे एकमत आहे. ब्रिटनमध्ये नळी बदललेली रायफल लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाच्या शिक्क्याशिवाय विकता येत नाही.

कायदा आणि भारतातील स्थिती

या छंदाची मोकळीक देशागणिक बदलते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात पुरातन शस्त्राची मर्यादा १८९८ साल ही आहे, त्यामुळे बहुतेक ली-एनफील्ड त्यात बसत नाहीत. ब्रिटनमध्ये चालू स्थितीतील रायफलीसाठी पोलिसांचे प्रमाणपत्र लागते. कायदेशीररीत्या निष्क्रिय केलेली रायफल विनापरवाना पुन्हा चालती करणे हा गंभीर गुन्हा आहे.

भारतात हे काम घरी करता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रांची दुरुस्ती करण्यासाठीही परवाना लागतो, आणि .३०३ हे माप सर्वसामान्य नागरिकांसाठी निषिद्ध आहे. कलम ४५ मधील सवलत कालबाह्य वा पुरातन मूल्याच्या अशाच शस्त्रांना लागू होते, जी दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाहीत. घरात आजोबा-पणजोबांची एखादी रायफल सापडल्यास तिला हात न लावता पोलीस ठाण्यास कळवणे, हाच विहित मार्ग आहे.

भारतात ही रायफल पुरातन ठरण्यापूर्वीच थकली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनस स्थानकात हल्लेखोरांच्या स्वयंचलित रायफलींसमोर पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्रीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २६ जानेवारी २०२० रोजी निरोप दिला. पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यात या रायफलीची काडतुसे तयार होत. त्यांच्या बुडावरील ‘के.एफ.’ ही अक्षरे परदेशांतील संग्राहकांना आजही परिचित आहेत.