‘लुप्त’ गाणं आणि प्लँक्स्टीचा अल्बम

लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना आपण सगळेच एक वाक्य बिनधास्त टाकतो: ‘याची नोंद आढळत नाही.’ आता सांगा, तुम्ही शोधलं कुठे होतं? माझा विषय विज्ञानातला, पण हा प्रश्न मला नीट कळला तो एका आयरिश अल्बममुळे.

१९७१ साली किल्डेअर काउंटीतल्या प्रॉस्परस नावाच्या छोट्या गावात, एका जुन्या घराच्या तळघरात, ख्रिस्टी मूरने आपला दुसरा अल्बम रेकॉर्ड केला. सोबतीला डोनल लनी, अँडी अर्वाइन आणि इलन पाइप्स (कोपराखालच्या भात्याने हवा भरून वाजवायचं वाद्य) वाजवणारा लिअम ओ’फ्लिन. हेच चौघं पुढे ‘प्लँक्स्टी’ झाले. १९७३ मध्ये या बँडचा दुसरा अल्बम आला, ‘द वेल बिलो द व्हॅली’. आपली गोष्ट त्याच नावाच्या गाण्याची.

गाणं अंगावर येतं. विहिरीवर एक बाई, पाणी मागणारा अनोळखी वाटसरू, आणि मग तो तिला तिच्या पुरलेल्या मुलांचा हिशेब सांगू लागतो. मुलं घरातल्याच पुरुषांची.

हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजी-स्कॉटिश कथागीतांचा मोठा संग्रह केला. एकूण ३०५ कथागीतं. त्यात हे २१ व्या क्रमांकावर आहे. चाइल्ड यांचा भर मुख्यतः हस्तलिखितांवर आणि छापील पुस्तकांवर. या गाण्याचा पूर्ण पाठ त्यांना सतराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात मिळाला, शिवाय एक तुकडा. पुढेही ते कुणाच्या तोंडी सापडेना, त्यामुळे लोकांच्या गळ्यातून ते गेलं असंच धरलं गेलं.

आणि मग १९६० च्या दशकात टॉम मनेली हा तरुण डब्लिनकर संग्राहक टेपरेकॉर्डर घेऊन रॉसकॉमन काउंटीतल्या बॉइल गावी जॉन रायलीकडे गेला. रायली ट्रॅव्हलर समाजातला. हा आयर्लंडमधला भटका समाज; पत्र्याची भांडी बनवणं, दुरुस्त करणं हे त्यांचं जुनं काम, जे प्लॅस्टिकने बुडवलं. रायलीला हे गाणं येत होतं. चालीसकट!

म्हणजे गाणं लुप्त नव्हतंच. ज्यांच्याकडे होतं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आपल्या भाषेत बोलायचं तर हा सरळसरळ सॅम्पलिंग बायस. आणि तो आळसातून आलेला नाही, हे लक्षात घ्या. चाइल्ड यांच्याइतकं काटेकोर काम आपल्यापैकी किती जण करतात? पण ग्रंथालयात बसून केलेला शोध कितीही कसून केला, तरी तो ग्रंथालयापुरताच असतो.

रायली १९६९ मध्ये वारला, अत्यंत गरिबीत. प्लँक्स्टीचा अल्बम त्याने ऐकला नाही. मूर मात्र गाण्याचं श्रेय रायलीला देत आला आहे. मनेलीने केलेल्या ध्वनिमुद्रणांतून ‘द बॉनी ग्रीन ट्री’ हा रायलीचा स्वतःचा अल्बम निघाला, तोही १९७८ मध्ये.

दोन्ही गायनं एकामागोमाग ऐका, आधी रायलीचं. त्यात एकही वाद्य नाही, नुसता त्याचा आवाज.