दिवे विझवा म्हणणारे आणि ग्रामसभा भरवणारे

दरवर्षी पर्यावरण दिन आला की आपल्याला उपदेश सुरू होतो. पंखा बंद करा, पिशवी कापडी वापरा, प्रत्येकाने एक झाड लावा. आमचा या सवयींना विरोध नाही. पण हा उपदेश कोण कोणाला करतो, हे तपासले पाहिजे.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. कोळसा इथला, राख इथली, वीज मात्र राज्यभर जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रे जाहीर केली, त्यात चंद्रपूर वरच्या क्रमांकांत होते. या शहरातल्या झोपडीत राहणाऱ्या मजुराला 'तुझा कार्बन मोज' असे सांगणे ही चेष्टा आहे. वैयक्तिक कार्बन मोजण्याचे गणित जगभर लोकप्रिय करण्यात ब्रिटिश पेट्रोलियम ही तेल कंपनीच पुढे होती, हे विसरू नये. दोष वाटून टाकला की सत्तेला कोणी जाब विचारत नाही.

आता इतिहास पाहू. 1927 साली इंग्रज सरकारने भारतीय वन कायदा केला आणि त्यात बांबूलाही 'झाड' ठरवले. जंगलात राहणारा माणूस स्वतःच्याच जंगलात चोर ठरला. त्याच 1927 च्या 20 मार्चला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. पाणी एकेकट्याने गुपचूप प्यायचे नव्हते. हजारोंनी मिळून, उघडपणे प्यायचे होते. त्याच परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असेही बजावले. म्हणजे स्वतःची वागणूक सुधारण्याची गोष्ट बाबासाहेबांनी टाळली नाही. पण ती त्यांनी हक्काच्या लढ्याला जोडली आणि सगळ्या समाजाचा निर्णय बनवली. एकट्या घराने मांस सोडले असते तर गावाने त्याला दाबले असते. 16 ऑक्टोबर 1956 रोजी याच चंद्रपुरात त्यांनी धम्मदीक्षा दिली, तीही समूहाला.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने हीच वाट धरली. सगळ्यांची सहमती झाल्याशिवाय ग्रामसभेत निर्णय होत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यान्वये 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखाते देईना. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते परवान्याचे अधिकार ग्रामसभेकडे आले.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव आणखी पुढे गेले. 2012 मध्ये सामूहिक हक्क मिळाल्यावर ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. तेंदूसाठी फांद्या छाटतात, जंगलाला आगी लावतात, म्हणून. हातात येणारा पैसा सोडायला हिंमत लागते. ती हिंमत उपदेशाने आली नाही. जंगल आपल्या हाती आहे, ही खात्री झाल्यावर आली. जबाबदारी हक्काच्या मागून येते.

हे चित्र गुळगुळीत नाही. सुरजागडच्या लोहखाणीला ग्रामसभांनी ठराव करून विरोध केला, तरी खाण चालू आहे. आणि आपल्या माणसांचा प्रश्न वेगळाच. वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्या वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्या दलित कुटुंबाकडे जमिनीचा कागद कधी आलाच नाही, त्याने पुरावा आणायचा कुठून?

म्हणून मित्रांनो, पिशवी कापडी वापरा, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. आपल्या गावाने सामूहिक वनहक्काचा दावा केला आहे का, ते विचारा. नसेल तर ग्रामसभा बोलवायला लावा. दावा अडला असेल तर उपविभागीय समितीकडून लेखी कारण मागा. बौद्ध वस्ती आणि गोंड टोला एकाच सतरंजीवर बसू द्या. संघटित व्हा, हा आदेश जंगलासाठीही आहे.

जय भीम! जय सेवा!