खासगीतली धर्मशाळा

मंगेशीला किंवा कवळ्याला गेलेला आपला महाजन हॉटेल शोधत नाही, सरळ अग्रशाळेत उतरतो. पण त्या छपराचा खर्च कोण करतं, हा प्रश्न मला पडला तो इंदूरचा राजवाडा पाहताना.

मल्हारराव होळकर १७६६ साली वारले, पुढच्याच वर्षी नातू मालेराव गेला आणि कारभार सून अहिल्याबाईंकडे आला. त्या राहिल्या महेश्वरला, पण इंदूर वाढलं ते त्यांच्याच काळात. माल्कमने १८२३ च्या ग्रंथात एक हकीकत नोंदवली आहे. इंदूरचा एक श्रीमंत सावकार निपुत्रिक वारला. सेनापती तुकोजी होळकरांची छावणी तिथेच होती, त्यांनी त्या संपत्तीत वाटा मागितला. विधवा धावत महेश्वरला गेली. बाईंनी तिला वस्त्रं देऊन वारस ठरवलं आणि तुकोजींना कळवलं, इंदूरपासून दूर कूच करा, माझ्या शहराला त्रास देऊ नका! नगराध्यक्ष याहून वेगळं काय करणार?

याच बाईंनी काशी, गया, सोमनाथला देवळं आणि ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. पैसा कुठला? मी सरकारी कारकून, त्यामुळे 'कुठल्या हेडखाली' हे आधी बघतो. पेशव्यांनी १७३४ साली त्यांच्या सासूबाई गौतमाबाईंना खासगी जहागीर दिली होती. तिचा हिशेब दौलतीपासून वेगळा असे. दानधर्म होई तो या खासगीतून. रयतेच्या करातून पुण्य कमवायचं नाही, हा त्यातला मुद्दा.

बाई १७९५ साली गेल्या. संस्थान विलीन झाल्यावर या मालमत्तांसाठी १९६२ साली ट्रस्ट झाला. यादीत २४६ मालमत्ता होत्या. पुढे काही विकल्या गेल्या आणि प्रकरण न्यायालयात गेलं. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा ट्रस्ट सार्वजनिक न्यास कायद्याखाली येतो, त्याची नोंदणी झालीच पाहिजे.

म्हणजे 'खासगी' हा शब्द दोनशे वर्षांत उलटा फिरला. बाईंच्या लेखी त्याचा अर्थ 'माझ्या पदरचं, लोकांसाठी' असा होता. आपल्या देवळांच्या जमिनींचे वाद ऐकतो तेव्हा मला हे आठवतं. पुढच्या वेळी अग्रशाळेत पथारी टाकाल तेव्हा भिंतीवरची देणगीदारांची पाटी जरूर वाचा.