कामठीचे साहेब

आमच्या मोठ्या मामांच्या गोष्टींतले साहेब कधीच गोळी झाडत नसत. आम्हा भाचरांची त्यामुळे फार निराशा व्हायची. आम्हाला घोडे हवे असत, दरोडेखोर हवे असत. आणि मामा सांगत बसत, की बॅटरी उतरली होती, पाठीवर सेट घेऊन टेकाड चढलो, तारेचं टोक बाभळीला बांधलं आणि मग कुठे ग्वाल्हेर ऐकू आलं. मामा पोलिसांच्या वायरलेसमध्ये होते. त्यांच्या लेखी चंबळची लढाई बंदुकीने कमी आणि हेडफोनने जास्त झाली. नोकरीभर हेडफोन घालून उजव्या कानामागे पडलेला घट्टा ते आम्हाला बोट लावून बघू देत.

साहेब म्हणजे खुसरो फरामर्झ रुस्तमजी. जन्म १९१६ चा, कामठीचा. १९३८ मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या पोलीस दलात आले, १९५२ पासून सहा वर्षं पंडित नेहरूंच्या सुरक्षेचे प्रमुख होते आणि १९५८ मध्ये मध्यप्रदेशचे आयजी झाले. राज्यात पोलिसांचं त्याहून मोठं पद तेव्हा नव्हतं. मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ ला, नागपूर मुंबई राज्यात गेलं होतं. माणसं वाटली गेली, फायली वाटल्या गेल्या. मामा मध्यप्रदेशच्या वाट्याला आले. भोपाळात बसून ते रुस्तमजींना ‘आपल्याकडचे’ म्हणत, तेव्हा त्यांना जात-धर्म नव्हे, कामठी-कन्हान रस्ता आठवत असे.

‘शोले’ १९७५ मध्ये आला आणि मामांचा भाव एकदम वधारला. खरा गब्बरसिंग ज्यांच्या काळात मेला, असा माणूस आमच्या घरात होता! मामा मात्र वैतागायचे. “तो नाकं कापत होता रे, गाणी नव्हता पाहत.” नेहरूंच्या वाढदिवसाला गब्बर मारला, असं ते ठासून सांगत. प्रत्यक्षात ती चकमक भिंड जिल्ह्यात आदल्या दिवशी, १३ नोव्हेंबर १९५९ ला झाली. दुसऱ्या दिवशी रुस्तमजींनी ही बातमी पंडितजींना वाढदिवसाची भेट म्हणून दिली. बातमी वायरलेसवरून पुढे गेली त्या वेळेपासून मामा दिवस मोजत असावेत. त्यांच्या खात्यात घटना घडते ती निरोप पोचल्यावरच.

खरा संग्राम व्हायचा तो आमच्या घरात, आणि तो विनोबांवरून. आजोबा सर्वोदयी. सूतकताई करणारे, पवनारला पायी जाऊन आलेले. मे १९६० मध्ये विनोबा चंबळच्या खोऱ्यात गेले आणि वीस बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. आजोबांनी त्या दिवशी घरात शिरा करायला लावला. मामा सुट्टीवर आले ते शिऱ्याची हकीकत ऐकून भडकलेच. रुस्तमजींनी उघड नापसंती दाखवली होती: दरोडेखोरांचे सत्कार होतात, आणि त्यांच्याशी लढताना मेलेल्या शिपायांचं नाव कोणी घेत नाही. वर्तमानपत्रांत त्यावरून गदारोळ झाला. पोलीसप्रमुखाने संताविरुद्ध बोलावं हे त्या काळी सोपं नव्हतं.

“बाबा, आमच्या बिटातला एक शिपाई गेला. त्याच्या बायकोकडं कोणता संत गेला?”

“जायला पाहिजे होतं,” आजोबा म्हणाले. “पण म्हणून वीस बंदुका खाली पडल्या ते वाईट झालं का?”

आजी सांगायची, दोघं तीन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. मीठ मागायचं तर माझ्यामार्फत. मला विचाराल तर दोघांचंही खरं होतं. तरी शिपायाच्या बायकोचा तो प्रश्न मला विनोबांच्या बाजूने आजवर सोडवता आलेला नाही.

मग १९६५. ९ एप्रिलला कच्छच्या रणातल्या सरदार चौकीवर पाकिस्तानी फौजेचा हल्ला झाला. चौकीवर होते कोण, तर केंद्रीय राखीव दलाच्या काही कंपन्या आणि गुजरातचे राज्य राखीव पोलीस. त्यांनी चौकी लढवली, पण सीमा राज्याराज्यांच्या पोलिसांनी सांभाळायची ही पद्धत त्या दिवशी उघडी पडली. १ डिसेंबरला सीमा सुरक्षा दल उभं राहिलं आणि ते उभं करायला रुस्तमजींना नेमलं. निरनिराळ्या राज्यांच्या सुमारे पंचवीस बटालियन एकत्र आणायच्या, ज्यांचे गणवेश वेगळे, बंदुका वेगळ्या, शिव्यासुद्धा वेगळ्या. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवावी तसं ते काम. मामा प्रतिनियुक्तीवर गेले. पंजाबी ऑपरेटर काय बोलतो ते राजस्थानच्या माणसाला कळेना, आणि दोघांचं आपल्याला कळेना, अशी पहिल्या वर्षाची त्यांची हकीकत.

१९७१ मध्ये हेच दल सर्वांत आधी कामाला लागलं. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात कत्तल सुरू झाली. ३० मार्चला अवामी लीगचे नेते ताजुद्दीन अहमद आणि अमीरुल इस्लाम चालत-लपत सीमेवर पोचले. दलाचे पूर्वेकडचे आयजी गोलोक मजुमदार त्यांना भेटायला गेले, आणि त्याच रात्री रुस्तमजी दिल्लीहून विमानाने दमदमला उतरले. आलेल्या दोघांच्या अंगावरचे कपडे मळून गेले होते. रुस्तमजींनी आपले कुडते-पायजमे त्यांना दिले. पुढे एका देशाचा पंतप्रधान होणारा माणूस त्या रात्री पोलिसाच्या कपड्यांत झोपला. १७ एप्रिलला बैद्यनाथतळ्याच्या आमराईत बांगलादेशच्या हंगामी सरकारचा शपथविधी झाला. कोलकात्याच्या पत्रकारांना पहाटे मोटारींत बसवून, कुठे जायचं हे न सांगता तिथे नेलं, तेही सीमा सुरक्षा दलानेच. मामा तेव्हा आगरतळ्याच्या बाजूला होते. त्या दिवसांबद्दल ते एवढंच सांगत, की नदी ओलांडून आलेल्या एका पोराने त्यांच्या थाळीतला भात मागितला आणि रात्रभर सेट बंद करता आला नाही.

रुस्तमजी १९७४ मध्ये निवृत्त झाले. नंतर राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून ते बिहारच्या तुरुंगांत गेले. खटला न चालता वर्षानुवर्षं खितपत पडलेले कच्चे कैदी त्यांनी पाहिले. गुन्हा सिद्ध झाला असता तर भोगावी लागली असती त्याहून अधिक सजा त्यातले काही जण आधीच भोगून बसले होते. रुस्तमजींनी वर्तमानपत्रात लिहिलं. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९७९ चा हुसैनारा खातून खटला उभा राहिला. पुढे देशभरात सुमारे ४० हजार कच्चे कैदी सुटले.

आजोबांनी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली. मामांचे डोळे तोवर अधू झाले होते. “वा रे साहेब,” ते म्हणाले, “जन्मभर आम्हाला धरायला लावलं, आणि आता स्वतःच सोडवत सुटलेत!” आजोबांनी आजीला हाक मारून रवा आहे का विचारलं.