पांढुर्णा-सौंसर परिसरातील भाषाशिक्षण आणि क्रमिक पुस्तक

छिंदवाड्याहून नागपूरकडे येताना सातपुड्याचा घाट उतरला की सौंसरच्या आसपास लोकांची बोली बदललेली जाणवते. पांढुर्ण्याची संत्री, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार, घराघरांतील मराठी हे सारे नागपूर-वऱ्हाडाशी नाते सांगणारे आहे. राज्याची सीमा मात्र वेगळी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या मध्य प्रदेशातील विदर्भाचे ८ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा, आणि त्यासोबत सौंसरचा मराठी मुलूख, मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. या फेरबदलांत शाळकरी मुलाच्या हातातील भाषेच्या पुस्तकाचे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

मराठी क्रमिक पुस्तकांची परंपरा जुनी आहे. मुंबई इलाख्यात १८२२ पासून शालेय पुस्तके तयार करण्याचे संघटित प्रयत्न सुरू झाले. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण प्रसिद्ध झाले आणि पुढे मेजर कँडी यांच्या देखरेखीखालील पुस्तकांनी मराठी गद्याला एक ठरावीक वळण दिले. आचार्य अत्रे यांच्या नवयुग वाचनमालेने विसाव्या शतकात ते वळण बरेच मोडले. उर्दूच्या बाबतीत मौलवी इस्माईल मेरठी (१८४४-१९१७) यांच्या वाचनपुस्तकांनी हेच काम केले. सोपी वाक्ये, मुलांच्या पाहण्यातील प्राणी-पक्षी, तोंडी बसणाऱ्या कविता यांमुळे ती पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी वाचली गेली. या सर्व पुस्तकांत एक गोष्ट समान आहे. पुस्तकाची भाषा हीच मुलाच्या घरची भाषा आहे, निदान तिच्या जवळची आहे, असे ती गृहीत धरतात.

पुस्तकालाच दुय्यम मानणारा विचारही याच प्रदेशाच्या उंबरठ्यावर जन्मला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मातृभाषेतून व हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली. शिक्षक पुस्तकाचा गुलाम झाला तर त्याच्या स्वतःच्या शब्दाला वर्गात मोल राहत नाही, असे गांधीजींचे मत होते. त्याच सुमारास मध्य प्रांतात पं. रविशंकर शुक्ल यांची ‘विद्यामंदिर’ योजना आली व तिच्या नावावर मुस्लिम समाजातून आक्षेप घेण्यात आला. हा वाद प्रामुख्याने राजकीय होता, हे खरे. तरीही ‘मंदिर’ म्हणजे केवळ वास्तू की देवालय, हा त्यातील शब्दार्थाचा भाग भाषाशिक्षकाने नजरेआड करू नये. एकच शब्द दोन घरांत दोन अर्थांनी पोहोचतो, आणि पांढुर्ण्याच्या वर्गात हे रोज घडते.

राज्यघटनेने या मुलांची दखल घेतली नाही, असे नाही. प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या ऑगस्ट १९४९ च्या परिषदेने शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असल्यास प्राथमिक स्तरावर मातृभाषेचा शिक्षक देण्याचे तत्त्व मान्य केले होते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क द्वारे प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीचे कर्तव्य राज्यांवर सोपविले. परंतु शिक्षक देणे आणि योग्य पुस्तक देणे या दोन वेगळ्या बाबी होत. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात ‘बालभारती’ स्थापन झाली आणि तिने मराठीप्रमाणेच उर्दू, हिंदी, गुजराती अशा अनेक भाषांत पुस्तके काढली. पण ती महाराष्ट्रातील मुलासाठी. भोपाळहून येणारे हिंदीचे पुस्तक हिंदी घरातील मुलासाठी. सौंसरचा मुलगा दोन्हींच्या मधला.

लिपी एकच असल्यामुळे ही अडचण चटकन दिसत नाही. देवनागरी येते म्हणजे हिंदीही येते, असा समज असतो. प्रत्यक्षात घरी ‘फळ’ म्हणणारे मूल वर्गात ‘फल’ वाचते. घरचे नपुंसकलिंगी ‘पुस्तक’ हिंदीत स्त्रीलिंगी होते, आणि ‘देह’ व ‘आत्मा’ हे मराठीतील पुल्लिंगी शब्दही हिंदीत स्त्रीलिंगीच. मराठीत ‘शिक्षा’ छडीची असते, हिंदीत ती शाळेत मिळते (काही शाळांत दोन्ही अर्थ एकदमच लागू पडतात, हा भाग वेगळा). ‘चेष्टा’ मराठीत थट्टा, हिंदीत प्रयत्न. ‘राग’ मराठीत संताप, हिंदीत मुख्यतः गाण्यातला. ‘यात्रा’ एकीकडे गावची जत्रा, दुसरीकडे प्रवास. उर्दू बोलणाऱ्या घरातील मुलाची गुंतागुंत याहून अधिक. त्याच्या घरी ‘तालीम’ म्हणजे शिक्षण, गावात कुस्तीचा आखाडा. ‘शिकस्त’ म्हणजे त्याच्या लेखी पराभव. मराठीत मात्र प्रयत्नांची शिकस्त करणाऱ्याचे कौतुक होते. ‘फाजिल’ घरात विद्वान, मराठीत ‘फाजील’ माणूस आगाऊ. ‘खून’ घरात नुसते रक्त, मराठी वर्तमानपत्रात थेट हत्या.

अशी मुले महाविद्यालयात येतात तेव्हा त्यांच्या निबंधांतील लिंग-वचनाच्या चुका निष्काळजीपणाच्या खात्यात जमा होतात. त्या चुकांना एक निश्चित क्रम आहे, हे तपासले जात नाही. इंग्रजीच्या बाबतीत हे काम महाराष्ट्राने फार पूर्वी केले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी व इंग्रजी वाक्यरचना शेजारी शेजारी ठेवून शिकविली. ‘तर्खडकरी इंग्रजी’ म्हणून तिची टिंगलही झाली. पण शिकणाऱ्याची पहिली भाषा कोणती, हे त्या पुस्तकाला ठाऊक होते. परकी म्हणून इंग्रजीला जो मान मिळाला तो हिंदी-मराठी-उर्दू या शेजारणींना एकमेकींच्या संदर्भात मिळाला नाही, कारण त्या शिकवाव्या लागतात हेच कोणाला पटले नाही.

वर दिलेल्या शब्दांसारखे शब्द आणि लिंगबदलाची उदाहरणे यांना आरंभी एखादे पान पुरे. पांढुर्ण्याचा वा सौंसरचा कोणताही भाषाशिक्षक एका शैक्षणिक वर्षात विद्यार्थ्यांच्या वह्यांतील चुकांवरूनच ती गोळा करू शकतो आणि मंजूर पुस्तकाच्या जोडीने वर्गात वापरू शकतो. त्यासाठी भोपाळची किंवा पुण्याची वाट पाहावी लागत नाही.