पालथे पात्र आणि परराष्ट्रांचे धोरण

दिनांक १८ सप्टेंबर १९८८ रोजी जनरल सॉ माँग यांच्या नेतृत्वाखाली ब्रह्मदेशाच्या लष्कराने राज्यसत्ता हस्तगत केली. ज्या रंगून नगरीत १९५४ ते १९५६ या काळात षष्ठ संगायन झाले आणि डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित राहिले, त्याच नगरीत निःशस्त्र आंदोलकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. जगाने त्यास काय उत्तर दिले?

अमेरिका, पश्चिम जर्मनी व जपान यांनी अर्थसाह्य थांबविले. परंतु जपानने १७ फेब्रुवारी १९८९ रोजी नव्या राजवटीस मान्यता दिली. थायलंडने तितकाही धीर धरला नाही. त्याचे सेनानी जनरल चवलित डिसेंबर १९८८ मध्येच रंगूनला जाऊन आले व पाठोपाठ थाई कंपन्यांना सागवानतोडीचे ठेके मिळाले. पुढच्याच महिन्यात थायलंडने स्वतःच्या अरण्यांत वृक्षतोड बंद केली, हा तपशील पुरेसा बोलका आहे. भारताने प्रारंभी आंदोलकांना आश्रय दिला. १९९३ मध्ये परराष्ट्र सचिव दीक्षित रंगूनला गेले आणि धोरण पालटू लागले.

मे १९९० च्या निवडणुकीत आँग सान सू ची यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या. सत्ता मात्र मिळाली नाही. ऑगस्टमध्ये मंडाले येथे भिक्खूंवर गोळीबार झाला. तेव्हा भिक्खुसंघाने जे शस्त्र उचलले ते विनयपिटकातील होते : पत्तनिक्कुज्जन, म्हणजे पात्र पालथे करणे. लष्करी अधिकाऱ्यांचे व त्यांच्या कुटुंबीयांचे दान भिक्खूंनी नाकारले.

या कर्माचे मूळ चुल्लवग्गात आहे. वड्ढ लिच्छवीने दब्ब मल्लपुत्तावर, त्याने आपल्या पत्नीस भ्रष्ट केले, असा खोटा आरोप केला. संघाने त्याच्यासाठी पात्र पालथे केले. आनंदाकडून ही वार्ता ऐकताच वड्ढ मूर्च्छित पडला. पुढे त्याने अपराध कबूल केल्यावर संघाने पात्र उलथे करून पूर्ववत् केले. येथे अपराधी नेमका, अपराध नेमका आणि परतीची वाटही नेमकी आहे. राष्ट्रांच्या निर्बंधांत हे तिन्ही क्वचितच आढळते. अमेरिकेने २००३ मध्ये ब्रह्मी मालाची आयात बंद केली, तिचा फटका सेनापतींआधी कापड कारखान्यांतील मजूर मुलींना बसला.

दानास नकार म्हणजे पुण्यास नकार. म्हणूनच सेनापती अस्वस्थ झाले. ऑक्टोबर १९९० मध्ये मंडालेच्या विहारांवर छापे घालून भिक्खूंना अटक झाली.

सप्टेंबर २००७ मध्ये पात्रे पुन्हा पालथी झाली. रंगूनच्या रस्त्यांवर भिक्खू चालत असतानाच आपले पेट्रोलियममंत्री मुरली देवरा तेल-वायूच्या करारांसाठी ब्रह्मदेशात होते. (मुंबईकरांना ते खासदार म्हणून परिचित.) शेजाऱ्याच्या वायूची गरज कोणास नसते? परंतु मुहूर्त खटकतो.

१ फेब्रुवारी २०२१ च्या सत्तापालटानंतर, १८ जून रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११९ मतांनी निषेध केला. विरोधात केवळ बेलारूस होता. तटस्थ ३६ राष्ट्रांत भारत, चीन व थायलंड होते. या वेळी संघही एकमुखी नव्हता. तरुण भिक्खू मंडालेत मोर्चे काढीत होते आणि काही ज्येष्ठ सयाडो त्याच सेनापतींचे दान स्वीकारीत होते.