मुरुमाचं औषध आणि उरलेल्या गोळ्या



दिवाळीनंतर बरेच दिवस इकडे फिरकले नाही. काही जणांनी विचारलंही, "काकू, बऱ्या आहात ना?" बरी आहे. एका विषयात अडकले होते. विषय ऐकून हसाल. मुरूम! पंचाहत्तरीला टेकलेल्या बाईने मुरुमांवर वाचत बसावं म्हणजे काय ते. पण झालं तसंच.

दिवाळीत घर भरलेलं होतं. दुपारी आतल्या खोलीत पोरींची खुसुखुसू चालली होती. माझी नात आपल्या बॅगेतून गोळ्यांचं पाकीट काढून माझ्या नणंदेच्या नातीला देत होती. नातीला गेल्या वर्षी फार वाईट मुरूम आले होते, मोठाल्या दुखऱ्या गाठीच. पोरगी आरशासमोर उभी राहीनाशी झाली होती. त्वचारोगतज्ज्ञांनी सहा महिने गोळ्या दिल्या आणि चेहरा खरंच स्वच्छ झाला. त्यातल्या काही गोळ्या उरल्या होत्या. नणंदेच्या नातीला हनुवटीवर चार पुटकुळ्या, म्हणून "घे गं, वाया कशाला घालवायच्या" असा तो प्रेमाचा व्यवहार. दोन गोळ्या तिने आदल्या दिवशी घेतल्याही होत्या.

मी सहज पाकीट हातात घेतलं. भिंगाशिवाय मला हल्ली वाचता येत नाही, म्हणून भिंग आणलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं की गरोदर बाईने हे औषध घेऊ नये, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. या मुलीचं लग्न होऊन वर्ष झालेलं. मी विचारलं, "पाळी कधी येऊन गेली तुझी?" ती म्हणाली, "मामीआजी, मुरुमाच्या गोळ्या आहेत गं त्या..." आणि मग मनातल्या मनात दिवस मोजायला लागली. खोलीत एकदम शांतता पसरली.

पुढे काय झालं ते शेवटी सांगते. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तोंडावरच्या पुटकुळीचं औषध पोटातल्या बाळापर्यंत कसं पोचतं? आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे कुठलीही गोष्ट समजून घ्यायची म्हणजे ती सुरू कुठून झाली हे बघायचं, एवढीच एक रीत मला येते. इंग्रजी अडलं तिथे नातीने मदत केली.

मुरूम जुनेच. सुश्रुतसंहितेत त्यांना मुखदूषिका म्हटलं आहे आणि तरुणांच्या तोंडावर येणारी ही पुळी शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या काट्यासारखी असते असं वर्णन आहे. सावरीचं खोड ज्याने जवळून पाहिलंय त्याला ही उपमा लगेच पटेल. माझ्या लहानपणी आईने मसूरडाळीचं पीठ, चंदन, हळद, सगळं करून पाहिलं. शेवटी "लग्न झालं की जातात" हा रामबाण! माझे तिशीपर्यंत गेले नाहीत, असो.

आजच्या औषधाची गोष्ट मात्र मुरुमापासून सुरू होत नाही, ती डोळ्यापासून सुरू होते. रातांधळेपणावर प्राण्याचं यकृत द्यावं हे आपल्याकडेही आणि प्राचीन इजिप्तमध्येही ठाऊक होतं. यकृतात नेमकं काय असतं ते कळायला १९१३ साल उजाडलं. अमेरिकेत विस्कॉन्सिनला मॅकॉलम आणि मार्गारेट डेव्हिस यांनी उंदरांना वेगवेगळं खाणं घालून दाखवलं की लोण्यात आणि अंड्याच्या बलकात वाढीला लागणारं असं काहीतरी आहे जे इतर चरबीत नाही. तेच अ जीवनसत्त्व. १९२५ साली वोल्बाक आणि हाउ या दोघांनी पाहिलं की हे जीवनसत्त्व न मिळालेल्या उंदरांच्या आतल्या नाजूक अस्तराची कातडी कोरडी, खरखरीत, शिंगासारखी होते. म्हणजे हे द्रव्य नुसतं डोळ्याचं नाही, कातडीचंही आहे. १९३१ मध्ये पॉल कारर यांनी त्याची रचना उलगडली. डोळ्यातल्या रेटिनाशी, म्हणजे दृष्टिपटलाशी असलेल्या नात्यावरून पुढे या सगळ्या कुटुंबाला रेटिनॉइड हे नाव पडलं.

आपल्या देशाचाही इथे संबंध आहे. अ जीवनसत्त्वाअभावी आपल्याकडे कितीतरी लहान मुलं आंधळी होत. १९७० पासून सरकारने पाच वर्षांखालच्या मुलांना दर सहा महिन्यांनी त्याचा मोठा डोस द्यायला सुरुवात केली. आमच्या शाळेच्या आवारातल्या अंगणवाडीत ते चमचाभर औषध घेताना पोरं तोंडं वाकडी करायची. पण तिथल्या बाई वहीत नाव आणि तारीख लिहिल्याशिवाय चमचा पुढे करत नसत. तेव्हा वाटायचं, काय हा सरकारी सोपस्कार! आता कळतं तो कशासाठी होता.

कारण जे कमी पडलं तर आंधळं करतं, ते जास्त झालं तर विष आहे. १५९६-९७ च्या हिवाळ्यात बारेंट्स या डच दर्यावर्दीचं जहाज उत्तरेकडच्या बर्फात अडकलं. खलाशांनी पांढऱ्या अस्वलाचं यकृत खाल्लं आणि सगळे आजारी पडले. तिघांची तर डोक्यापासून पायापर्यंत कातडी सोलून निघाली. बरोबरच्या एकाने हे रोजनिशीत लिहून ठेवलं, पण त्याचा उलगडा व्हायला साडेतीनशे वर्षं लागली. १९४३ साली दाखवून देण्यात आलं की त्या यकृतात अ जीवनसत्त्वाचा प्रचंड साठा असतो.

आणि गंमत पाहा, त्याच १९४३ साली अमेरिकेतल्या स्ट्रॉमफ्योर्ड नावाच्या डॉक्टरांनी मुरुमांवर अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस देऊन गुण येतो असं लिहिलं. म्हणजे औषध आणि विष एकाच वर्षी एकाच बाटलीत सापडलं म्हणायचं! गुण यायला जेवढं द्यावं लागे, तेवढ्यात माणसाला त्रास होई. मग शास्त्रज्ञांनी विचार केला, जीवनसत्त्व पोटात देण्याऐवजी त्याचंच आम्ल करून नुसतं कातडीला लावलं तर?

ते आम्ल म्हणजे ट्रेटिनॉइन. आज ज्या ट्यूब मिळतात त्यातलं. फिलाडेल्फियाच्या डॉ. आल्बर्ट क्लिगमन यांनी सहकाऱ्यांबरोबर १९६९ मध्ये मुरुमांवरचा त्याचा उपयोग प्रसिद्ध केला आणि १९७१ साली तिथल्या सरकारने परवानगी दिली. मी बी.ए. झाले तेच साल. मुरुमाचं मूळ असं की केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्रात मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं, आत तेल साठतं, जंतू वाढतात आणि सूज येते. हे औषध ते बूचच बसू देत नाही. वरवरच्या लेपांपेक्षा ते वेगळं ठरलं ते यामुळे.

पण याच क्लिगमनसाहेबांचं दुसरं पानही वाचलं पाहिजे. होम्सबर्ग नावाच्या तुरुंगात १९५१ ते १९७४ पर्यंत ते कैद्यांच्या अंगावर नाना औषधांचे आणि रसायनांचे प्रयोग करत होते. हे मलमही त्यात होतं. कैदी बहुतांश कृष्णवर्णीय आणि गरीब, थोड्या पैशांसाठी तयार होणारे. आपल्याला काय लावलं जातंय हे अनेकांना नीट सांगितलंही नव्हतं. तुरुंगात शिरल्यावर क्लिगमनना माणसं दिसली नाहीत, एकरच्या एकर कातडी दिसली! 'एकर्स ऑफ स्किन' याच नावाचं ॲलन हॉर्नब्लम यांचं पुस्तक १९९८ मध्ये आलं. क्लिगमन २०१० मध्ये वारले. विद्यापीठाने २०२१ साली आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ साली माफी मागितली. माझ्या नातीच्या बाथरूममधल्या त्या छोट्या ट्यूबमागे इतकी माणसं उभी आहेत, हे मला ठाऊक नव्हतं.

आता गोळ्यांकडे येऊ. ट्रेटिनॉइनचा सख्खा भाऊ आयसोट्रेटिनॉइन, तो पोटात घ्यायचा. अमेरिकेतले डॉ. गॅरी पेक कातडीच्या दुसऱ्या रोगांवर ते वापरून पाहत होते. १९७९ मध्ये त्यांनी कशालाही दाद न देणाऱ्या, गाठींच्या मुरुमांचे १४ रुग्ण प्रसिद्ध केले. चार महिन्यांच्या औषधाने १३ जणांचे मुरूम पूर्ण गेले. औषध थांबवल्यावरही बरेच महिने परत आले नाहीत. १९८२ मध्ये गोळी बाजारात आली.

प्राण्यांच्या गर्भाला यापासून धोका आहे हे आधीच माहीत होतं. अ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने उंदरांच्या पिल्लांत व्यंग येतं हे कोहलान यांनी १९५३ मध्येच दाखवलं होतं. थॅलिडोमाइडची भयंकर गोष्टही जग १९६१ मध्ये पाहून चुकलं होतं. गोळीच्या कागदावर पहिल्या दिवसापासून इशारा छापलेला होता. तरी वर्षभरात व्यंग असलेल्या बाळांच्या बातम्या यायला लागल्या. १९८५ मध्ये लॅमर आणि सहकाऱ्यांनी १५४ गर्भारपणांची माहिती मांडली. ९५ जणींनी गर्भपात करून घेतला, १२ जणींचा आपोआप झाला. जन्मलेल्या ४७ बाळांपैकी २१ बाळांना कान, हृदय, मेंदू अशा ठिकाणी मोठी व्यंगं होती. आकडे वाचून मी चष्मा काढून ठेवला.

असं का होतं? गर्भात पहिल्या काही आठवड्यांत कुठल्या पेशीने कुठे जायचं, काय व्हायचं, हे सांगणारा एक निरोप्या म्हणजे हेच आम्ल. शरीर ते मोजून मापून वापरतं. बाहेरून पूर आला की निरोपाचा नुसता गोंगाट होतो. आणि हे घडतं कधी, तर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं कळायच्या आधी.

पुढे अमेरिकेत पाकिटावर गरोदर बाईचं चित्र आणि त्यावर फुली छापायला लागले. तर काही बायकांनी त्याचा अर्थ ही गर्भ न राहण्याची गोळी आहे असा लावला! शिकवणाऱ्याला वाटतं फळ्यावर लिहिलं म्हणजे मुलांना कळलं. २००६ पासून तिथे नावनोंदणी सक्तीची केली. चाचणी केल्याशिवाय बाईला गोळी मिळत नाही. आपल्याकडे चिठ्ठीचा नियम आहे, पण दुकानदार ओळखीचा असला की... तुम्ही जाणताच. याच ट्रेटिनॉइनमध्ये स्टेरॉइड आणि हायड्रोक्विनोन घालून केलेलं मलम (तेही क्लिगमन यांचंच, १९७५ चं) आपल्या बायका गोरं व्हायला म्हणून महिनोन् महिने लावतात आणि चेहरा पातळ, लालबुंद करून घेतात. २०१८ मध्ये सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमं चिठ्ठीच्या यादीत टाकली ती यामुळेच.

एवढं वाचून औषध वाईट आहे असं म्हणाल तर तेही खोटं. माझी नात आरशासमोर परत उभी राहिली ती याच्याच जोरावर. म्हणून डॉक्टरांनी समजावलेलं तुमच्या लेकी-नातींसाठी लिहून ठेवते.

मलम रात्री, चेहरा धुऊन कोरडा झाल्यावर, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढंच लावायचं. सुरुवातीला एकाआड एक रात्री. पहिले काही आठवडे कातडी सुटते, मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. दोन-तीन महिने धीर धरायचा. दिवसा उन्हापासून जपायचं, सनस्क्रीन लावायचं. दिवस गेले असतील किंवा जायची इच्छा असेल तर मलमाबद्दलही आधी डॉक्टरांना सांगायचं.

गोळी जेवणाबरोबर, म्हणजे नीट अंगी लागते. ओठ फुटतात, मलम लावायचं. मधूनमधून यकृताची आणि रक्तातल्या चरबीची तपासणी. वरून अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या नकोत, टेट्रासायक्लिन जातीची औषधं नकोत. मन फार उदास झालं तर लपवायचं नाही, लगेच सांगायचं. बायकांनी गोळी सुरू करण्याआधी एक महिना, चालू असताना आणि संपल्यावर एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत. गोळी चालू असताना आणि संपल्यावर एक महिना कुणीही, अगदी मुलग्यांनीही, रक्तदान करायचं नाही. ते रक्त कुठल्या गरोदर बाईला जाईल सांगता येत नाही. आणि उरलेली गोळी कुणालाही द्यायची नाही. बहिणीलाही नाही.

तर त्या मुलीचं काय झालं? दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि ती दोघीच डॉक्टरांकडे गेलो. घरात कुणाला सांगितलं नाही. चाचणी केली. दिवस गेलेले नव्हते. तीन दिवसांनी पाळीही आली. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त म्हणाले की बाळाचा विचार आता महिनाभर पुढे ढकला, आणि हनुवटीसाठी गर्भारपणातही चालेल असं साधं औषध लिहून दिलं. रिक्षातून येताना ती माझा हात धरून बसली होती. म्हणाली, "मामीआजी, तुम्ही भिंग घेऊन आलात तेव्हा आम्ही हसलो होतो."

हसा गं, म्हटलं. पण वाचत जा.

उरलेल्या गोळ्या नातीने त्याच डॉक्टरांकडे नेऊन दिल्या. तुमच्याही कपाटात अशी कुणाची तरी उरलेली पाकिटं असतील. आज संध्याकाळी जरा बघाल का?